बराक वाढवायची की वसाहत?

सांगलीचा जिल्हा तुरुंग गावाच्या मधोमध, जुन्या किल्ल्यात आहे. तुरुंगात दाटी झाली की नव्या बराकींची मागणी होते. दुसरी वाट याच जिल्ह्यात १९३९ पासून आहे, आटपाडीजवळची स्वतंत्रपूर खुली वसाहत, म्हणजे कैद्यांना तटाआड न कोंडता कुटुंबासह ठेवायची जागा. पैसा कुठे घालावा यावर ज्यांना मत द्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी दाटीचं बघू. ती मुख्यतः कच्च्या कैद्यांची. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर १०० कैद्यांमागे सुमारे ७६ जणांचे खटले निकालाविना होते. वसाहत फक्त शिक्षा लागलेल्यांसाठी असते, त्यामुळे यांना तिचा उपयोग नाही. पण म्हणून भिंती वाढवाव्यात हे मला पटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ४७९ सांगतं की, फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि माणसाला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर कोर्टानं त्याला बंधपत्रावर सोडायचं. एकाहून जास्त खटले असलेल्यांना ही सवलत नाही. असे अर्ज वेळेत कोर्टापुढे ठेवणारा माणूस नेमणं बराक बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

खरी तुलना लांब शिक्षेच्या पक्क्या कैद्याची. एका मोठ्या तुरुंगातली मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, मी पाहिली आहे. जाळीपलीकडे नवरा, अलीकडे बायको, शेजारी आणखी चार घरची माणसं एकदमच बोलतायत. तिनं पोराची वही जाळीला लावून धरली. त्याला अक्षर दिसेना. वेळ संपली, वही पिशवीत गेली. अशी दहा-बारा वर्षं काढून माणूस सुटतो तेव्हा पोरगं त्याला बिचकतं, शेत भावकी कसत असते, कामाला कुणी उभं करत नाही. तो पुन्हा जुन्या संगतीत गेला तर नवल काय?

स्वतंत्रपूर औंध संस्थानानं वसवलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. इथं कैदी बायको-मुलांसह राहतो, शेती करतो. हजेरी आहे, तट नाही. पोरगं रात्री बापाजवळ बसून अभ्यास करतं, वही जाळीला लावायची वेळच येत नाही. राखणीला माणसं कमी लागतात, आणि कैद्याच्या पदरात शिक्षेतून वजा होणारे माफीचे दिवसही जास्त पडतात.

अडचणी आहेतच. शिक्षेचा काही काळ आधी बंद तुरुंगात काढावा लागतो, सराईत गुन्हेगाराला इथं जागा नाही, आणि बायकोचीही गाव सोडून यायची तयारी लागते. शेतीवर जगायचं तर माणदेशात पाण्याचा प्रश्न पहिला. कैद्याच्या हातून ज्यांच्या घरातल्या माणसाचा जीव गेलाय त्यांना तर हे सगळं पचत नाही. त्यांचं दुःख मी हलकं करत नाही. पण तो कैदी एक दिवस सुटणारच आहे, त्यांच्याच तालुक्यात परतणार आहे. तो कसा परतावा, हे आपल्या हातात आहे.

माझं मत वसाहतीला. सराईतांसाठी बंद तुरुंग राहू द्या, पण नवा पैसा आधी पाण्याची सोय असलेल्या जमिनीवर दहा घरं बांधायला द्या.