छोटं व्हायब्रेटर: नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी

लिपस्टिकएवढं, मऊ सिलिकॉनचं, चार्जिंगवर चालणारं हे व्हायब्रेटर मी घेतलं, तेव्हा आमचे शरीरसंबंध नुकतेच सुरू झाले होते. नवरा समजूतदार, दुखणं-खुपणं काही नाही, पण ऑरगॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, काही येत नव्हता. अगदी जवळ आल्यासारखं वाटायचं आणि सगळं ओसरून जायचं. आपल्यातच काही कमी आहे, ही भीती मनात घर करून बसली होती.

हे आत घालायचं नसतं, बाहेरून क्लिटोरिसच्या (योनीमुखाच्या वरच्या, स्पर्शाला खूप संवेदनशील अवयवाच्या) आसपास टेकवायचं असतं. मला त्याचं मोल वाटतं ते यासाठीच. क्लिटोरिसचा बाहेर दिसतो तो फक्त शेंडा, बाकीचा भाग आत योनीच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो. हेलन ओकॉनेल या सर्जनबाईंनी १९९८ मध्ये त्याची ही रचना सविस्तर मांडली. अमेरिकेतल्या एका पाहणीत (२०१८) नुसत्या संभोगाने ऑरगॅझम येतो असं सांगणाऱ्या बायका जेमतेम १८ टक्के होत्या. हे वाचलं आणि माझ्या मनावरचं ओझंच उतरलं.

वेग बरेच आहेत, पण मला सगळ्यात कमी वेगच मानवतो. थेट शेंड्यावर टेकवलं तर सहन होत नाही. वरच्या त्वचेवरून किंवा सुती अंतर्वस्त्रावरून धरलं की छान वाटतं. पहिल्यांदा ऑरगॅझम आला तो एकटी असताना, निवांत, 'आज यायलाच हवा' असं काही मनात नसताना. आपलं शरीर काय करतंय यावर आपणच पहारा ठेवला की ते आखडतं, हे तेव्हा पटलं. मग नवऱ्याला हात धरून दाखवलं, कुठे आणि किती हलकं ते. हे बोलणं व्हायब्रेटरपेक्षाही जास्त उपयोगी पडलं.

आता तक्रारी. बटण नेमकं अंगठ्याखाली येतं. ऐन वेळी चुकून दाबलं जातं, लय बदलते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून! शिवाय सोबतच्या पत्रकात 'काही मिनिटांत हमखास' असं छापलंय. नवख्या मुलीने ते वाचून घड्याळाकडे बघत बसावं, याचा मला खरंच राग आला. कुणाला वीस मिनिटं लागतात, कुणाला त्याहून जास्त, आणि काही वेळा येतच नाही. त्यात बिघडलेलं काही नसतं.

ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारं जेल) पाण्याचा बेस असलेलंच घ्या, सिलिकॉनच्या ल्युबने याचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ऑरगॅझमला उशीर होतो. तशी शंका असेल तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बटण आणि पत्रकासाठी.