बोट लावेपर्यंत खेकडाही थांबतो: ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’

फोन खिशात टाकला की ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’ हा मोबाईल गेम आहे त्या चालीवर थांबतो. मंडई मेट्रो स्टेशनला गर्दीतून उतरायचं असो, मध्येच ऑफिसचा फोन येवो, परत उघडाल तेव्हा तुमचा योद्धा नकाशावरच्या त्याच घरात (चौकोनात) उभा असतो आणि अंगावर येणारा शत्रू खेकडाही तितक्याच अंतरावर. तुम्ही बोट लावेपर्यंत तो हलत नाही. मोबाईलवर आरपीजी (एखादं पात्र घेऊन, त्याला घडवत खेळायचा गेम) खेळायचा तर हा गुण सगळ्यात मोठा. ‘फायनल फँटसी’ या जुन्या आरपीजी मालिकेत चौथ्या भागापासून (१९९१) लढाईत वेळेची पट्टी भरू लागली. ‘वेट’ मोड लावला तरी ती ठरावीक मेनू उघडा असेपर्यंतच थांबते. इथे तशी पट्टीच नाही. तुमची चाल, मग शत्रूची चाल.

गेमचं घराणं १९८०च्या ‘रोग’ (Rogue) या गेमचं. तळाशी जाऊन आणायचा येंडोरचा ताईतही तिथलाच. ‘पिक्सेल डन्जन’ या मूळ गेमचा कोड खुला झाल्यावर इव्हान डेबेनहॅम यांनी २०१४ मध्ये हा अवतार काढला आणि आजही ते त्यात भर घालत आहेत. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही. वाटलं तर विकसकाला पैसे देता येतात, न दिल्याने खेळात काही अडत नाही. आयफोनवर मात्र विकत घ्यावा लागतो. प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावांचे बरेच गेम आहेत, म्हणून ‘शॅटर्ड’ हा शब्द बघूनच उतरवा.

एकूण मजले २६. गटारं, तुरुंग, गुहा, बुटक्यांचं शहर आणि राक्षसांची दालनं असे पाच-पाच मजल्यांचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी एक मोठा शत्रू, आणि सव्विसावा मजला ताईताचा. नकाशा दर डावाला नवा. मेलात की डाव संपला, मागचा सेव्ह उघडायची सोय नाही. पहिले दहा-पंधरा डाव वरच्या पाच मजल्यांतच संपतील, आणि तिथेच गेम काढून टाकावासा वाटेल. ही घाई करू नका, कारण हरण्यामागे जवळजवळ नेहमी एखादी ओळखता येणारी चूक असते.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मोकळ्यावर लढणं. सुरुवातीला तुमचं आरोग्य २०. गटारातल्या खेकड्याचं १५, पण त्याचा एक फटका ७ पर्यंत जातो आणि तो तुमच्या दुप्पट वेगाने चालतो, त्यामुळे पळून सुटका नाही. अशा वेळी जवळचं दार गाठा. दारातून पलीकडे जा आणि दाराला लागून असलेल्या घरात थांबा. दार आपोआप मिटतं, खेकड्याला तुम्ही दिसेनासे होता. तो दारात पाऊल ठेवेल त्याच चालीला वार करा. बेसावध शत्रूवरचा वार कधीच चुकत नाही. मग परत मागे सरा, परत दार, परत वार. शत्रू तीन असले तरी दारात एका वेळी एकच उभा राहू शकतो. एवढं एक अंगवळणी पडलं की तुरुंगापर्यंत पोचणं अवघड राहत नाही.

दुसरी चूक अपग्रेड वाटून टाकण्याची. प्रत्येक टप्प्यात अपग्रेडचे, म्हणजे वस्तू सुधारणारे, ३ स्क्रोल (जादूचे कागद) आणि ताकदीची २ पोशन (जादूचे काढे) हमखास मिळतात. म्हणजे अख्ख्या डावात १५ आणि १०. हे १५ स्क्रोल तलवार, चिलखत, अंगठी, कांडी असे वाटले तर पंधराव्या मजल्यावर एकही वस्तू कामाची उरत नाही. एक वस्तू धरा, बहुतेक स्क्रोल तिच्यावरच घाला. नवख्याने चिलखत धरावं असं आमचं ठाम मत. ताकदीचा हिशोबही आधीच मांडता येतो. सुरुवात १० ने होते, दहाव्या मजल्यापर्यंत ४ पोशन, म्हणजे १४. चामड्याच्या चिलखताला १२ लागते, कड्यांच्या चिलखताला १४, खवल्यांच्या चिलखताला १६, पत्र्याच्या जड चिलखताला १८. ताकद कमी असताना जड चिलखत चढवलंत तर चाल मंदावते आणि वार चुकवणं अवघड होतं. तिसऱ्या मजल्यावर पत्र्याचं चिलखत हाती लागलं म्हणून लगेच अंगावर घालू नये, ते यासाठी. शिवाय अनोळखी चिलखत शापित निघालं तर शाप उतरेपर्यंत काढताही येत नाही.

पोशन बारा प्रकारची, रंग दर डावाला बदलतात. कुठलं काय आहे ते बऱ्याचदा पिऊनच कळतं, म्हणून जागा नीट निवडा. उंच गवतात कधीही नको. आगीचं पोशन निघालं तर गवत पेट घेतं आणि पिशवीतले स्क्रोलही जळतात. पाण्यालगत, दाराजवळ, आसपास शत्रू नसताना प्या. पेटलात तर पाण्यात पाऊल टाकलं की आग विझते. विषारी वायू निघाला तर दाराबाहेर पडा, मिटलेलं दार वायू अडवतं. अनोळखी स्क्रोलच्या बाबतीत, पहिल्या चार मजल्यांत ज्याच्या दोन प्रती जमल्या तो अपग्रेडचा असण्याची शक्यता चांगली. तोच आधी वाचा.

भुकेचं गणित मोबाईलवरच्या नव्या गेमच्या सवयीमुळे चुकतं. ३०० चालींनी भुकेचं चिन्ह येतं, ४५० ला उपासमार सुरू होते. एका रेशनने ३०० भरतात. म्हणून चिन्ह येण्याआधी खाल्लं तर अन्न वाया. जखमा आपोआप भरतात, पण साधारण १० चालींना १ या दराने. प्रत्येक लढाईनंतर पूर्ण बरं होईपर्यंत झोपून राहणं त्यामुळे महागात पडतं. त्यापेक्षा वाटेत सापडणारे, जखमा भरणारे दवबिंदू जपा. पाण्याची पिशवी २० थेंबांची, आणि भरलेली पिशवी आरोग्य पूर्ण भरून काढते.

पाचव्या मजल्यावरचा गू हा चिकट गोळा १०० आरोग्याचा. पाण्यात उभा असला की त्याच्या जखमा भरत राहतात, तेव्हा त्याला कोरड्यावर ओढा. तो फुगू लागल्याचा मजकूर दिसला की वार करायचा मोह आवरा. तो मोठा फटका दोन घरांपर्यंत पोचतो. खांबाआड किंवा दाराआड व्हा, फटका वाया जाऊ द्या, मग परत या.

आता उणिवा. घरं लहान आहेत, हलत्या बसमध्ये बोट शेजारच्या घरावर पडतं आणि एक चाल फुकट जाते. दोन बोटांनी झूम वाढवून खेळा. सेटिंग्जमध्ये खालची बटणं एका बाजूला गोळा करता येतात, डावऱ्यांसाठी उलटवताही येतात. पुण्याच्या पीएमपीएमएल बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभं राहणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं. वस्तूंची माहिती बारीक अक्षरात आणि भरपूर आहे, ती न वाचता खेळ कळत नाही. कथा अगदी जुजबी. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या आरपीजीसारखी गावं, माणसं, संवाद हवे असतील त्यांनी पैसे मोजून तिकडेच जावं. तोही उभ्या फोनवर एका हाताने खेळता येतो.

सुरुवातीला फक्त योद्धा मिळतो. जादूगार हवा असेल तर कुठल्याही डावात अपग्रेडचा एक स्क्रोल वापरला की तो खुला होतो. तरी पहिले काही डाव योद्ध्यानेच खेळा. त्याच्या चिलखतावरच्या मुद्रेचं कवच काही फटके झेलतं, आणि त्या मुद्रेवर बसलेलं एक अपग्रेड चिलखत बदललं तरी मुद्रेसोबत नव्यावर जातं.