फाइलझिला: दिसायला जुनाट, पण अपलोड पुरं करणारच

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी बघतो, जुन्या अंकांचे स्कॅन, पीडीएफ, कार्यक्रमांचे फोटो असं कायम काहीतरी सर्व्हरवर चढवायचं असतं आणि होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या) पॅनलमधून ब्राउझरने मोठी फाइल टाकायला गेलं की मध्येच नेट जातं, मग सगळं परत पहिल्यापासून. इकडे ज्यांचं नेट असं येऊन जाऊन असतं त्यांनी फाइलझिला, म्हणजे कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर फाइली चढवायचं सॉफ्टवेअर, टाकूनच घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००१ पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, खाली रांग. फोल्डर ओढून उजवीकडे सोडायचं आणि आपल्या कामाला लागायचं. नेट तुटलं तर ते स्वतःच परत जोडायचा प्रयत्न करतं, तरीही नाही जमलं तर ती फाइल फेल्ड ट्रान्सफर्सच्या टॅबमध्ये जाऊन बसते, तिथून राइट क्लिक करून परत रांगेत घालायची. मग ते विचारतं की या नावाची फाइल तिकडे आहे, काय करू? तिथे रिझ्यूम निवडलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे. दीडशे एमबीची पीडीएफ अर्ध्यावर अडकलेली असताना हे काय सुख आहे ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल!

अजून एक फार कामाचं म्हणजे डिरेक्टरी कंपॅरिझन, म्हणजे दोन्हीकडच्या फोल्डरांची तुलना. साइझवर लावलं की दोन्हीकडे साइझ वेगळी असलेली फाइल लाल दिसते आणि एकाच बाजूला असलेली पिवळी, म्हणजे अर्धवट चढलेली पीडीएफ लगेच सापडते, वाचकाचा फोन यायची वाट बघायला नको.

आता जपायच्या गोष्टी. साधं एफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फाइली पाठवायची जुनी पद्धत, वापरू नका. त्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते (आपल्याकडे हे नाव किती कमी लोकांना माहितीये याचं मला खरंच वाईट वाटतं). पण तेव्हा नेटवर्कवर मोजकीच मशीन होती, त्यामुळे पासवर्ड उघडाच जायचा आणि साध्या एफटीपीत आजही तसाच जातो. साइट मॅनेजरमध्ये (सर्व्हरची माहिती भरायची खिडकी) प्रोटोकॉल, म्हणजे पाठवायची पद्धत, एसएफटीपी करा, त्यात सगळं कुलूपबंद होऊन जातं, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) शक्यतो २२ असतो, होस्टिंगवाला एसएफटीपी देत नसेल तर निदान टीएलएसवालं, म्हणजे कुलूप लावलेलं एफटीपी. सेटिंगमध्ये मास्टर पासवर्ड पण लावा, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड कॉम्प्युटरवर अशा रूपात पडून राहतात की ती फाइल हाती लागलेला कुणीही वाचू शकतो.

बारीक बारीक फाइली हजारोंनी असतील, समजा अख्खं वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर), तर मात्र खूप रखडतं, कारण एफटीपीत प्रत्येक फाइलसाठी वेगळं कनेक्शन उघडतं. अशा वेळी सगळ्याची एक झिप करा, ती फाइलझिलाने चढवा आणि पॅनलच्या फाइल मॅनेजरमधून एक्स्ट्रॅक्ट करा, फरक लगेच दिसतो.

डाउनलोड करताना मात्र डोळे उघडे ठेवा, विंडोजच्या एका इन्स्टॉलरसोबत दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ऑफर येतात, हे मला अजिबात पटत नाही, इतक्या चांगल्या सॉफ्टवेअरला हे शोभत नाही. पानावर बाकीचे डाउनलोड पर्याय असतात, त्यातली ऑफर नसलेली फाइल घ्या.

आणि फोल्डर आपोआप सिंक व्हायला हवं असेल तर ते या फुकटच्या व्हर्जनमध्ये नाही. विंडोजवर असाल तर त्यासाठी विनएससीपी घ्या, तेही फुकटच, त्यात फोल्डरवर लक्ष ठेवून बदललेली फाइल लगेच सर्व्हरवर टाकायची सोय आहे. मी पीडीएफ आणि फोटोंना फाइलझिलाच वापरतो.