62 जॅझ तबकड्या आणि आमची पेटी: अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ओळखीच्या एका घरातला आजोबांचा संग्रह माझ्याकडे आला. 62 एलपी, जवळजवळ सगळं 1950 आणि 60च्या दशकांतलं अमेरिकन जॅझ. प्लेअर नवा घेतला, बेल्टवर चालणारा, साधाच. स्पीकर घरात होतेच. आता अकरा महिने झाले, एक पावसाळाही निघाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझा कान ख्यालावर वाढलेला. जॅझ फोनवर ऐकून पाहिलं होतं, पण दोन-तीन मिनिटांत बोट पुढच्या गाण्याकडे जायचं. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची. सुई टेकवली की ती संपेपर्यंत आपण बसतोच. रात्री जेवणं आटोपली की एक बाजू, असा नेम ठेवला. तीच बाजू आठवडाभर लावते. पहिल्या दिवशी ट्रम्पेट ऐकू येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्याखालचा बास, आणि मग कधीतरी ड्रमवाल्याच्या डाव्या हाताकडे लक्ष जातं.

कुलूप उघडलं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ने (1959). पहिलाच तुकडा 'सो व्हॉट'. चौथ्या की पाचव्या रात्री लक्षात आलं की हा तर काफी! गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, षड्ज पेटीची पांढरी दोन. बत्तीस बारांचं (इथे एक बार म्हणजे चार मात्रा) एक आवर्तन, आठ-आठचे चार भाग. पहिले दोन भाग पांढरी दोनवर, तिसऱ्यात अख्खी मैफल उचलून काळी दोनवर जाते आणि चौथ्यात परत घरी. आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की षड्ज हलत नाही. इथे तोच अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पोटात खड्डा पडतो. एकदा हे कळलं की आवर्तनं मोजता येतात: माइल्स दोन, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली दोन, पियानोवर बिल एव्हान्स एक, आणि मग पुन्हा मुखडा. मोजता यायला लागल्यापासून कोण कुठे धाडस करतो आणि समेवर कसा उतरतो, ते दिसू लागलं.

एक गोष्ट मात्र खुपत होती. पहिल्या बाजूबरोबर पेटी वाजवून पाहिली तर सूर जुळेनात, तबकडी किंचित चढी. प्लेअरचा वेग चुकतोय असं वाटून वेग तपासायची चकती आणली, वेग अचूक निघाला. दुसरी बाजू पेटीशी बरोबर जुळत होती. मग वाचनात आलं की पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, 2 मार्च 1959 ला, टेपचं यंत्रच थोडं हळू चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सूर चढले. ही चूक नव्वदच्या दशकात दुरुस्त झाली. माझी प्रत त्याआधीची. तीस-पस्तीस वर्षं जगाने हा काफी चढ्या सुरात ऐकला, आणि ते आमच्या पेटीने मला घरबसल्या दाखवलं. या अकरा महिन्यांतला हा माझा सगळ्यात मोठा आनंद.

दुसरा आनंद शांत आहे. बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधली 25 जून 1961 ची मैफल. रविवार होता. ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबूज, मधेच कुणाचं तरी हसू, सगळं तबकडीत आहे. बासवर स्कॉट लाफारो. तो साथ करत नाही, पियानोशी बोलतो, सारंगीवाला गवयाशी बोलतो तसा. 6 जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, तो मोटार अपघातात गेला. वय 25. ही बाजू मी दिवे मालवून ऐकते आणि संपल्यावर दुसरं काही लावत नाही.

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचं 'टाइम आउट' घरात सगळ्यांना आवडतं. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन-दोन असं पडतं. झपतालाची सवय असलेल्यांनी उलटं मोजून बघावं. सासऱ्यांना लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटवर सी. रामचंद्रांची गाणी आठवली. ते बरोबरच आहे, कारण रामचंद्रांकडे वाद्यवृंद सांभाळणारा चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला आर्मस्ट्राँगचा भक्त होता.

आता त्रास. जुलैत आठ कव्हरांना बुरशी धरली. तबकड्या वाचल्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं. एलपी उभ्याच ठेवायच्या, एकीवर एक रचल्या की वाकतात. नंतर वेगळी विकत घेतलेली एक एलपी घरी येऊन उघडली, तर कव्हरात भलतीच तबकडी. तेव्हापासून पैसे देण्याआधी आतली काढून उजेडात तिरकी धरून बघते.

नवीन सुरुवात करणाऱ्याला 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत मिळाली तर आधी दुसरी बाजू लावा. तिथे सूर बरोबर आहेत, आणि 'ऑल ब्लूज'च्या बारा बारांचं आवर्तन, प्रत्येक बारात दादऱ्यासारख्या सहा मात्रा, पहिल्याच रात्री बोटांवर मोजता येतं.