जामीन झाला, पण सुटका? मोफत विधी सेवा या दिवसांत किती उपयोगी

जामीन मंजूर झाल्याचं कळलं की आतला माणूस त्याच रात्री पिशवी भरून ठेवतो. पुढचा प्रत्येक दिवस मग फाटकावरच्या हाकेकडे कान लावून जातो. मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, खरी परीक्षा याच दिवसांत होते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ नुसार कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जामीन अर्जापर्यंत ही सेवा भरवशाची. नंतरची धावपळ मात्र घरच्यांवर येते. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती जमवता येते. वेळ खातो तो तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, म्हणजे जामीनदाराची तेवढी आर्थिक कुवत असल्याचा कागद. म्हणून वकिलाला तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती अर्जातच करायला लावा. कोर्टाने मान्य केली तर रक्कम भरून माणूस बाहेर येतो आणि जामीनदार द्यायला मुदत मिळते. वकील हे आपणहून मागेलच असं नाही.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो कागदाच्या चुकीने. सुटकेच्या आदेशावरचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं हे सगळं तुरुंगातल्या वॉरंटशी, म्हणजे कोठडीत ठेवण्याच्या कोर्टाच्या कागदाशी, जुळावं लागतं. एक कलम टायपिंगमध्ये गळलं तरी आदेश परत कोर्टात जातो, आणि तो शुक्रवार असेल तर सोमवारपर्यंत काही हलत नाही. आदेश हातात पडताच कोर्टातच वाचून घ्या. दुसऱ्या गुन्ह्याचं वॉरंट बाकी आहे का, हेही आधीच विचारा. असेल तर या जामिनाने दार उघडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय : सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. नियम उत्तम आहे, पण सातव्या दिवसाची वाट बघू नका. तिसऱ्या दिवशीच सचिवांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या. पैशाअभावी अडलं असेल तर केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. २०२३ च्या सूचनांप्रमाणे जामिनासाठी ४०,००० आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती नाही. ही योजना अर्जदाराने नाव घेऊन मागावी, हेच बरं.

विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. फोन करताना गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं आणि आदेशाची तारीख समोर ठेवा.