भुसावळचं १० दिवसांचं श्रामणेर शिबिर: पंगत उत्तम, प्रतिज्ञांना वेळ कमी

श्रामणेर म्हणजे नवशिका बौद्ध भिक्खू. मे महिन्याच्या सुट्टीत भुसावळच्या एका विहारात हे निवासी शिबिर भरतं. शुल्क नाही, जमेल तसं दान. केशवपन, चीवर (भिक्खूचं वस्त्र), भिक्षापात्र सगळं विहाराकडून. आपण चटई, पांघरूण आणि चीवर उतरवल्यावर घालायला पांढरे कपडे न्यायचे. गादी नको, श्रामणेराच्या दहा शीलांत (नियमांत) उंच-मऊ बिछान्याला मनाई आहे.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे पंगत. बसायचा क्रम वयावर किंवा हुद्द्यावर नाही; ज्याला आधी चीवर मिळालं तो वर. बारा वर्षांचा पोरगा वर बसतो, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा त्याला वंदन करून त्याच्या खाली. हा नियम विनयातलाच, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांतला. शाक्य राजपुत्रांनी स्वतःच्या आधी नाभिक उपालीला प्रव्रज्या (संघातली दीक्षा) द्यायला सांगितली, का तर त्याच्यापुढे हात जोडताना कुळाचा ताठा उतरावा. इथे पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतात आणि मगच रांग लावतात. जात सोडणं आणि ‘मी’पणा सोडणं एकच, हे त्या रांगेत बसल्यावर जितकं उमगतं तितकं तासाभराच्या भाषणात उमगत नाही.

प्रव्रज्याविधीही नेटका. श्रामणेराची प्रव्रज्या त्रिशरणावरच, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्यावरच उभी असते, म्हणून उच्चार महत्त्वाचे. भन्तेजी एकेकाकडून ‘बुद्धं’ अनुस्वाराने आणि ‘बुद्धम्’ ओठ मिटून, असं दोन्ही प्रकारे म्हणवून घेतात. माईकवर सगळ्यांचा एकदम गजर केला की हे हटकून निसटतं.

चीवर मात्र टेरिकॉटचं. खान्देशच्या उन्हात घामोळं ठरलेलं. सुती मागून घ्या. अंतरवासकाचं (कमरेच्या वस्त्राचं) कायबंधन, म्हणजे पट्टा, पोटावर बांधू नका, कमरेच्या हाडावर आवळा, नाहीतर पिंडपाताला (भिक्षाफेरीला) चालताना सुटतं. पिंडपात अनवाणी असतो आणि इथे निघायलाच साडेआठ होतात. परतेपर्यंत डांबर तापतं, तिसऱ्या दिवशी पोरांच्या तळव्यांना फोड. सातच्या आत निघालं तर हा त्रास नाही.

जेवण अकराला: कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, वरण. बारानंतर घन अन्न नाही, म्हणून नवखे गळ्यापर्यंत जेवतात आणि दुपारच्या आनापानात (श्वासावरच्या ध्यानात) पेंगतात. दोन घास कमी खा. गाळलेलं लिंबूपाणी चालतं, पण ते एकदाच, चारला देतात. त्या उकाड्यात तीन वेळा हवं. आजाऱ्याला औषध म्हणून गूळ किंवा मध शीलात बसतो, हे आधीच सांगायला हवं. मधुमेह असलेल्यांनी गोळ्यांच्या वेळा नाव देतानाच कळवाव्यात.

खरी उणीव बाबासाहेबांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांच्या तासाला दिसते. पहिल्या आठ प्रतिज्ञांवर, म्हणजे देवदेवता, श्राद्ध, कर्मकांड यांवर, पाऊण तास जातो. नववी, सर्व माणसं समान मानण्याची, आणि दहावी, समता स्थापन करण्याची, या दोन्ही दहा मिनिटांत उरकतात. वस्तीतले अवघड प्रश्न तर इथेच आहेत: मांग, चांभार, भिल्ल घरांतून धम्मात आलेल्यांशी सोयरीक होते का? विहाराच्या कमिटीत त्यांना जागा आहे का? हा तास दोन दिवसांत विभागून चर्चेला खुला करावा.

बायांना इथे प्रव्रज्या नाही. पांढऱ्या साडीत अष्टशील (आठ नियमांचं व्रत) घ्यायचं, आणि पहाटेपासून भाकरीही त्यांनीच थापायच्या, त्यामुळे सकाळचं ध्यान त्यांना मिळतच नाही. स्वयंपाकाची पाळी श्रामणेरांच्या घरच्या पुरुषांनाही लावावी. १० दिवस, रोज चौघे, एवढी माणसं भुसावळात सहज मिळतात.