नकारही वेळेवर हवा: परदेशी नोकरीसाठी जॉब पोर्टल वापरल्यानंतरचा अनुभव

हातातली नोकरी चालू ठेवून मी गेले काही महिने परदेशातील नोकरी शोधत होते. त्यासाठी एक मोठे जागतिक जॉब पोर्टल, त्याची सशुल्क सेवा, त्यावरून उघडणाऱ्या कंपन्यांच्या अर्जप्रणाली आणि काही देशांच्या सरकारी याद्या ही सगळी साधने मी नियमितपणे वापरली. हे लिहिताना मी त्या सर्वांना एकच कसोटी लावली आहे: ज्या जागेवर माझी नेमणूक होऊच शकत नाही, त्या जागेचा नकार हे साधन किती लवकर आणि किती स्पष्टपणे देते. होकार मिळवून देणे कोणत्याच पोर्टलच्या हाती नसते. नकाराला काही मिनिटे लागावीत की काही महिने, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या रचनेवर ठरते, आणि दिवसभर काम करून रात्री अर्ज भरणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा असतो.

शोध आणि सूचनांविषयी माझी तक्रार नाही. शहर, क्षेत्र आणि अनुभव निवडला की रोज नव्या जाहिराती वेळेवर येतात, आणि एखाद्या देशात आपल्या कामाला काय म्हणतात व कोणत्या कौशल्यांची मागणी आहे, याचा चांगला अंदाज येतो. बाजारपेठ समजून घेण्यासाठी हे पोर्टल उपयुक्त आहे, यात शंका नाही.

अडचण सुरू होते ती वर्क परमिटच्या प्रश्नापासून. दुसऱ्या देशातून अर्ज करणाऱ्यासाठी पहिला प्रश्न हाच असतो की ही कंपनी परवान्यासाठी स्पॉन्सर होणार का, म्हणजे तो मिळवून देण्याची जबाबदारी घेणार का, आणि नेमक्या याच प्रश्नावर पोर्टल सर्वांत दुबळे ठरले. शोधचौकटीत ‘व्हिसा स्पॉन्सरशिप’ हे शब्द टाकले की ते शब्द असलेल्या सगळ्या जाहिराती समोर येतात, आणि ‘या पदासाठी व्हिसा स्पॉन्सरशिप मिळणार नाही’ असे लिहिणाऱ्या जाहिरातीही त्यांतच मोठ्या संख्येने असतात. बाकीच्या जाहिराती याबाबत काहीच बोलत नाहीत. जाहिरात देताना कंपनीला हे सांगणे बंधनकारक केले, तर दोन्ही बाजूंचा किती वेळ वाचेल! अमेरिकेतील जाहिरातींमध्ये हा दोष अधिकच जाणवतो. कुशल परदेशी कामगारांसाठीच्या तेथील एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० आहे, त्यासाठीची नोंदणी साधारण मार्चमध्ये होते, सोडतीतून निवड झाली तरी काम १ ऑक्टोबरपासूनच सुरू करता येते, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरील नव्या उमेदवारांसाठीच्या अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लागू झाली आहे. असे असताना ‘तातडीने रुजू व्हावे’ अशी जाहिरात मला दाखवून ‘आपण या पदासाठी उत्तम उमेदवार आहात’ असे सांगणाऱ्या शिफारशीवर विश्वास कसा ठेवायचा?

याचे उत्तर मला सरकारी याद्यांत मिळाले. ब्रिटनचे गृहखाते स्पॉन्सर परवाना (परदेशी कर्मचारी नेमण्याची परवानगी) असलेल्या सर्व संस्थांची यादी सरकारी संकेतस्थळावर ठेवते, ती वारंवार अद्ययावत होते आणि मोफत उतरवून घेता येते. तीत संस्थेचे नाव, गाव आणि कोणत्या व्हिसाप्रकारासाठी परवाना आहे, अशी मोजकीच माहिती असते; पण तेवढी पुरते. जाहिरात आवडली की आधी यादीत नाव शोधायचे, नाव नसेल तर पुढे जायचे. मात्र यादीत नाव असले म्हणजे ती विशिष्ट जागा पात्र ठरते, असे नाही. कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण किमान पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० पौंड झाली. त्या कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो जास्तीचा दर धरला जातो. त्यामुळे जाहिरातीत पगार लिहिलेला नसेल, तर परवानाधारक कंपनीच्या बाबतीतही अंदाजच बांधावा लागतो.

नेदरलँड्समध्येही स्थलांतर खाते मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी प्रसिद्ध करते, आणि तेथे उच्चकुशल स्थलांतरितांच्या परवान्यासाठी अशी मान्यता असलेली कंपनीच अर्ज करू शकते. मी या यादीतून माझ्या क्षेत्रातील मध्यम आकाराच्या कंपन्या निवडल्या आणि त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील जागा पाहू लागले. सध्या ज्या कंपनीशी माझा करार झाला आहे, ती अशीच सापडली. पोर्टलवर तिची एकही जाहिरात मला दिसली नव्हती. तिच्या पहिल्याच उत्तरात पगाराची श्रेणी, परवान्यासाठी लागणारा अंदाजे काळ आणि मुलाखतीच्या किती फेऱ्या होतील, हे तिन्ही लिहिलेले होते. इतके साधे पत्र वाचून किती हायसे वाटते, हे महिनोन् महिने मौन अनुभवलेल्यालाच कळेल.

जर्मनीची पद्धत वेगळी आहे. तेथे मुख्य प्रश्न पदवीच्या मान्यतेचा असतो, आणि ‘अनाबिन’ या सार्वजनिक माहितीसंचात आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) अशी नोंद आहे का आणि आपली पदवी तेथे समकक्ष धरली जाते का, हे अर्जाआधीच पाहता येते. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘चान्सनकार्ट’ या, जर्मनीत जाऊन नोकरी शोधू देणाऱ्या संधीपत्रासाठीही शिक्षण, भाषा, अनुभव आणि वय यांचे गुण स्वतःच मोजता येतात; गुणांवर आधारित मार्गात किमान ६ गुण लागतात. नियम कडक असले, तरी ते आधी सांगितलेले आहेत. म्हणूनच त्यांचा मला त्रास वाटला नाही.

आता अर्जप्रणालींविषयी. ‘एका क्लिकमध्ये अर्ज करा’ हे बटण दाबल्यानंतर अनेकदा कंपनीची वेगळी प्रणाली उघडते, तेथे नवे खाते काढावे लागते, सीव्ही जोडावा लागतो आणि मग त्याच सीव्हीतील सारा मजकूर पुन्हा चौकटींत भरावा लागतो. प्रणाली सीव्ही वाचून चौकटी आपोआप भरण्याचा प्रयत्न करते, परंतु दोन रकाने, तक्ते किंवा पानाच्या डोक्यावर लिहिलेला मजकूर असला की तारखा एकीकडे आणि पदनामे दुसरीकडे जातात. एकाच रकान्याचा, साध्या मथळ्यांचा सीव्ही वापरल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. ‘आपण कधी रुजू होऊ शकाल’ या प्रश्नाला केवळ तारीखच स्वीकारली जाते. परवाना मिळाल्यानंतर नोटिस पिरियड सुरू होईल, हे खरे उत्तर लिहायला जागाच नसते.

संगणक बहुतेक सीव्ही कोणी न वाचताच फेकून देतो, असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. माझा अनुभव असा की यंत्राचा थेट नकार बहुधा ठरावीक प्रश्नांवर येतो, विशेषतः ‘आपल्याला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यावर. असा नकार मला काही वेळा अर्ज पाठवल्यानंतर काही मिनिटांतच आला. पुष्कळांना तो अपमानास्पद वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण त्याने माझा पुढचा वेळ वाचतो. खरा अन्याय घडतो तो तीन फेऱ्या घेऊन, एक लेखी काम करवून घेऊन आणि ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ असे सांगून गप्प बसण्यात. अशा मौनाने माणूस स्वतःच्याच क्षमतेवर शंका घेऊ लागतो, आणि हे भरती करणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

काही जाहिरातींमागे रिकामी जागाच नसते. पुढे लागतील म्हणून उमेदवारांची नावे गोळा केलेली असतात. याबाबत कॅनडातील ओंटारियो प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून केलेला नियम मला आदर्श वाटतो. २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला सार्वजनिक जाहिरातीत पगाराची श्रेणी द्यावी लागते, जागा प्रत्यक्षात रिकामी आहे का आणि उमेदवारांच्या छाननीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होतो का, हे सांगावे लागते, आणि मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही, हे कळवावे लागते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानेही उमेदवाराला सुरुवातीच्या पगाराची माहिती मिळण्याचा हक्क दिला असून आधीच्या पगाराची विचारणा करण्यास मनाई केली आहे. सदस्य देशांनी तो आपल्या कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरवलेली आहे.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ मुलाखती हा या सगळ्यातील मला सर्वांत नकोसा झालेला भाग आहे. पडद्यावर प्रश्न उमटतो, उलटी गिनती सुरू होते आणि समोर माणूस नसताना बोलायचे असते. प्रश्न समजला नाही तर विचारायचे कोणाला, आणि त्या चित्रफितीचे पुढे काय होते, हे फारच थोड्या कंपन्या सांगतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २०२० पासून असा कायदा आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेने अशा चित्रफितींचे विश्लेषण करायचे असेल तर उमेदवाराची आधी संमती घ्यावी लागते, आणि त्याने मागणी केल्यास ३० दिवसांत ती चित्रफीत नष्ट करावी लागते. युरोपमधील कंपन्यांकडे आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे, हे तेथील विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) कायद्याच्या १५ व्या कलमानुसार लेखी मागता येते. मी तशी मागणी केली तेव्हा एका ठिकाणाहून प्रथमच जिवंत माणसाचे उत्तर आले.

सशुल्क सेवेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. इतर अर्जदारांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, हे ती दाखवते, पण वर्क परमिटचा विचार त्या क्रमवारीत दिसत नाही. त्यामुळे ‘आघाडीचे उमेदवार’ म्हणून दाखवलेल्या जागीही पहिल्याच प्रश्नावर नकार येतो. ही सेवा मी बंद केली आहे. मोफत सूचना चालू ठेवल्या असून जाहिरात आली की आधी सरकारी यादी, मग पगारमर्यादा आणि शेवटी कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ, असा क्रम ठेवला आहे. पोर्टलला मी पाचपैकी दोन गुण देईन. जाहिरातीवर स्पॉन्सर परवाना आणि पगाराची खालची मर्यादा या दोन चौकटी सक्तीच्या केल्यास चार द्यायला माझी तयारी आहे.